यादीत नसलेला ड्रोझ्डेक

मी मूर्ख माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको.

ट्राम चालवून निवृत्त झालो, तेव्हा बायको म्हणाली, घरात बसून माझं डोकं खाऊ नकोस. म्हणून आमच्या फुटबॉल क्लबच्या अकादमीची व्हॅन चालवायला लागलो. हर्ने, कास्ट्रॉप, डाटेल्न, अशी आसपासची गावं. दुपारी शाळेतून पोरं उचलायची, मैदानावर सोडायची, सराव झाला की घरोघर पोचवायची. लेनार्ड ड्रोझ्डेक आठ वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसला. आला तेव्हा त्याचे पाय खाली टेकत नव्हते. आता त्याला सतरावं लागलंय.

त्याच्या वयाच्या पोरांना वरच्या गटात घ्यायचं की नारळ द्यायचा, हे मे महिन्यात एका सोमवारी एकेकाला बोलावून सांगतात. त्याच सुमाराला लेनार्डला एका छोट्या क्लबाने बोलावलं. जागा पक्की होती, फक्त उत्तर रविवारपर्यंत हवं होतं.

शुक्रवारी ऑफिसातून पुढच्या हंगामाची व्हॅनची यादी हातात आली. त्यात ड्रोझ्डेक नाव नव्हतं. यादी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग डोकं चालवलं. काढून टाकलेल्यांची नावं सोमवारनंतरच गळतात, आधी ऑफिसालाही काही कळत नाही. त्याआधी नाव जातं ते क्लबच्या वसतिगृहात खोली मिळालेल्याचं. त्याला व्हॅन कशाला लागतेय? गेल्या वर्षी दोघांचं अस्संच झालं होतं. आणि खोली मिळते ती फक्त हिऱ्यांना. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

"काका, त्या क्लबला काय कळवू?" घरी जाताना लेनार्डने विचारलं. "आई म्हणते, हो म्हणून मोकळा हो."

"तुझी आई बेकरीत पाव झकास भाजते. तिला फुटबॉलातलं काय कळतंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी काही बोललोच नाही. पण वसतिगृहात उशी आपापली न्यावी लागते म्हणे."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "काका! आईशप्पथ?"

"गप बस. मला गाडी चालवू दे."

रविवारी त्याने छोट्या क्लबला 'नाही' असं कळवून टाकलं.

सोमवारी तो आत गेला आणि सात मिनिटांत बाहेर आला. माझ्या शेजारी बसला नाही. मागचं दार उघडून शेवटच्या सीटवर जाऊन बसला. मला सगळं कळलं.

मी तडक अकादमीप्रमुख वेस्टरहोफच्या खोलीत घुसलो. "आठ वर्षं घडवलंत ना लेनार्डला? मग? आणि शुक्रवारीच यादीतून नाव कसं गेलं त्याचं?"

"हाइनर, जरा बसा. खेळाडू हेरत फिरणाऱ्या आमच्या स्काउटला डेन्मार्कमध्ये त्याच्याच जागेवर खेळणारा तयार मुलगा मिळाला. फेब्रुवारीतच ठरलं ते. ऑफिसने यादी लवकर दिली, चूक झाली."

"फेब्रुवारीत! आणि पोराला आज सांगताय?"

"आधी सांगितलं की मुलांचं खेळातलं लक्ष उडतं. आम्हाला हंगाम पुरा करायचा होता."

शिवी तोंडात आली होती, पण ती कुणाला घालणार? तोंड माझंच सुटलं होतं. बाहेर आवारात येऊन छोट्या क्लबला फोन लावला, गयावया केली. तिथली बाई चांगली होती बिचारी. म्हणाली, "कालच संध्याकाळी दुसऱ्याला दिली हो जागा. आता कुठेच काही उरलं नसेल."

एकेक पोर उतरत गेलं. लेनार्डचं घर शेवटचं. उतरला आणि माझ्या खिडकीशी आला. त्याचे डोळे सुजले होते.

"काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आत कुणी माझ्या खेळाबद्दल धड एक शब्द बोललं नाही. पण तुम्हाला वाटायचं ना, की मी चांगला खेळतो? म्हणूनच म्हणालात ना तसं?"

आठ वर्षांत मी त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. सामना सुरू झाला की मी व्हॅनमध्ये सीट मागे करून झोपायचो.

"हो रे राजा," मी म्हणालो. "म्हणूनच."