कागदी पडद्याला वळसा

फायनलच्या शनिवारी मुलींच्या फूटी संघाच्या कप्तान टेगनच्या पदरात बरंच काही पडायचं होतं: कप, मैदानात शिरताना कागदी पडदा फाडायचा मान आणि सोमवारच्या मतदानात मुलींच्या क्रीडाप्रमुखाचा बिल्ला. तिचा जीव बिल्ल्यात. आमच्या शाळेत नेटबॉल खेळणारीला पोरं वाट करून देतात आणि फूटी, म्हणजे आमचा धसमुसळा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळणारीला ‘रेडा’ म्हणतात. बिल्ला लागला की तोंडं बंद होतील, हा टेगनचा हिशेब.

सकाळी मैदानाच्या तोंडाशी पडदा ताणून नेटबॉलची कप्तान इमोजेन उभी.

“टेग, बाजूने जा हं. फाडू नका.”

“म्हणजे?”

“दुपारी मुलांची फायनल आहे ना! दुसरा पडदा कुठून आणायचा?”

“इमो, हा आम्ही चिकटवलाय. आठवडाभर.”

“हो गं, काय सुरेख चिकटवलाय! म्हणून तर म्हणते, वाया नको घालवूस.”

हॅरिगन सरांनीही री ओढली, “समजूतदारपणा दाखव, टेगन. मतं देताना पोरं तेच बघतात.”

मागून संघातली निक्की कुजबुजली, “घुस गं! आम्ही आहोत मागे.”

टेगनने बाकांकडे पाहिलं. चार-दोन आया, एक कुत्रा. मतं देणारी पोरं दुपारी येणार होती. तिने पडद्याला वळसा घातला. डबकं चुकवावं तसा सगळा संघ मागोमाग. निक्की सगळ्यांत शेवटी.

सामना त्यांनी जिंकला.

दुपारी अख्खी शाळा लोटली. मुलांनी पडदा टराटरा फाडला, फोटो निघाले आणि मग मुलं सपाटून हरली.

सोमवारी बिल्ला इमोजेनला. टेगनने वर्गातल्या कूपरला गाठलं. “आम्ही जिंकलो, तरी?”

“जिंकलात? कधी?” तो खरोखरच गोंधळला. “आम्ही आलो तेव्हा पडदा अख्खा होता. वाटलं, तुमची मॅच रद्द झाली.”

टेगनला हसावं की त्याला हाणावं, कळेना.

मधल्या सुट्टीत सरांची हाक आली, “टेगन, मैदानावर कागदाचे तुकडे पसरलेत. तुमच्याच पडद्याचे, तेव्हा...”

“निक्की, येतेस?”

“नाही. मी फाडला असता तर उचललाही असता,” निक्की म्हणाली. “आणि पुढच्या मोसमात मला संघात धरू नकोस.”

कप जिमच्या कपाटात गेला, बिल्ला इमोजेनच्या कोटावर, फोटो मुलांचे. टेगनच्या खात्यातून वजा झाली ती निक्की. तुकडेही टेगननेच वेचले, एकटीने.