अस्तरातली आरी

न्यायालयाच्या पुढच्या दारावर तपासणीला जी बाई उभी असे, तिला वकील मंडळी आपसात 'कशासाठीबाई' म्हणत. तिला हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पट्ट्यावरून बॅग मशीनमध्ये जायची, पडद्यावर काही वावगं दिसलं की बाई ती वस्तू बाहेर काढून टेबलावर ठेवायची आणि एवढंच विचारायची, "हे कशासाठी?" आवाज चढवायचा नाही, भुवया उडवायच्या नाहीत. भाजीवालीला भाव विचारावा तसं विचारायचं.

कायदा तसा साधा होता, पण लोकांच्या तो गळी उतरत नसे. बंदुकीचं, पिस्तुलाचं सगळ्यांनाच कळतं. घोळ होतो तो बाकीच्या वस्तूंचा. वायरमनच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर हे त्याच्या कामाचं अवजार. टोकन घ्या, दारावर जमा करा, जाताना घेऊन जा. पण तोच स्क्रूड्रायव्हर एखाद्याने 'कोणी अंगावर आलं तर असावा' म्हणून पर्समध्ये टाकला, की झालं शस्त्र. मग ते जप्त व्हायचं आणि नावानिशी नोंद व्हायची. डोळ्यांत मारायचे फवारे, झटक्यासरशी लांब होणाऱ्या लोखंडी काठ्या, बोटांत अडकवायची कडी, मांजराच्या तोंडाची गोजिरवाणी किचेन, जिचे कान खिळ्यासारखे टोकदार असतात, असलं सगळं बाईच्या टेबलावर रोज येऊन पडे. "स्वसंरक्षणासाठी" असं सांगताना माणसाची मान ताठ व्हायची, जणू या उत्तराने दार उघडणार आहे. नेमकं त्याच उत्तराने ते बंद व्हायचं.

पण बाई काही दुष्ट नव्हती. रांग पट्ट्यापाशी आली की ती मोठ्याने म्हणायची, "कोणाला काही आठवत असेल तर आत्ताच आठवून घ्या." मग छताकडे बघत थोडा वेळ उभी राहायची. तेवढ्यात जो रांगेतून गुपचूप निघून जाईल आणि हात हलवत परत येईल, त्याला ती काही विचारत नसे. नियमात ही सवलत कुठे लिहिलेली नव्हती, पण नियमाच्या विरुद्धही नव्हती. पडद्यापाशी बसणारा चष्मेवाला तिला चिडवायचा, की बाई, छतावर रोज काय नवीन सापडतं तुम्हाला?

याच इमारतीत, दस्तऐवज विभागात, बाईच्या मुलीला नोकरी लागली. मुलीला घरात ठकी म्हणत. ठकीने परीक्षा दिली, मुलाखत दिली, आईचं नाव कुठेही न घेता जागा मिळवली. नेमणूक मात्र कच्ची होती. पहिल्या वर्षात इमारतीच्या दारावर नावाची एक नोंद झाली तरी नारळ मिळणार, हे पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. ठकीने ते घरी हसत हसत वाचून दाखवलं. दारावर खुद्द आई उभी असताना आपली कसली नोंद होणार, असं तिला वाटत होतं.

घरात नोकरीने एकच जण घाबरला, तो ठकीचा बाप. तो सोफे दुरुस्त करायचा. खुर्च्या, दिवाण, गाड्यांच्या सीटा, काय म्हणाल ते. हात इतका साफ, की नवं कापड कुठे जोडलंय हे त्याचं त्यालाच दुसऱ्या दिवशी सापडत नसे. ठकीची सुट्टी संध्याकाळी उशिरा होणार होती आणि बसथांब्यापर्यंतची गल्ली बंद गोदामांची होती. तिथे मागे एका बाईची पर्स हिसकावली होती. झालं, बापाच्या डोक्यात किडा शिरला. जेवताना तो म्हणाला, की पोरीजवळ काहीतरी असावं. आपल्याकडे आऱ्या पडल्यात, कातड्याला भोकं पाडायच्या, त्यातली एक छोटीशी...

बाईने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. तिने कायदा सांगितला, तोही चित्रासकट. तुमच्या पिशवीतली आरी अवजार आहे, तिच्या पिशवीतली आरी शस्त्र आहे. आणि ज्याला हिसकावायचंच आहे तो आरीसुद्धा हिसकावून घेईल, मग काय करणार? ठकी म्हणाली, "बाबा, मी पळते छान. शाळेत कोणाला सापडायचे नाही." विषय संपला, असं दोघी मायलेकींना वाटलं. बाप पानात बघत राहिला आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले. त्याच्या मनात काही शिजायला लागलं की त्याचे कान लाल होतात. बाईच्या हे लक्षात यायला हवं होतं, पण तेव्हा ती जिंकल्याच्या आनंदात होती.

पहिल्या दिवसासाठी बापाने लेकीला नवी बॅग शिवून दिली. जाड कापड, आत निळं अस्तर, पट्ट्याला दुहेरी शिवण. ठकीने ती आरशासमोर दोनदा खांद्याला लावून बघितली. बाईनेही कौतुक केलं आणि ती कामावर पुढे गेली. बाई कर्मचाऱ्यांच्या मागच्या दाराने जायची, तिथे मशीन नव्हतं. बापाला वर्षानुवर्षं तेवढंच दार माहीत होतं. ओळखपत्र हातात पडेपर्यंत नव्या माणसाला पुढच्या दारानेच यावं लागतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

सकाळी ठकी रांगेत उभी दिसली तेव्हा बाईचा ऊर भरून आला. तरी चेहरा तिने सरकारीच ठेवला. "कोणाला काही आठवत असेल तर आत्ताच आठवून घ्या," ती म्हणाली आणि छताकडे बघू लागली. ठकीला काही आठवायचं कारणच नव्हतं. तिने बॅग पट्ट्यावर ठेवली.

पट्टा थांबला. चष्मेवाल्याने मान वर करून बाईकडे बघितलं. बाई पडद्यापाशी गेली. वही, पाण्याची बाटली, डबा आणि त्यांच्या खाली तिरपी पडलेली एक आरी, मुठीवर गोल खाच असलेली. ती मूठ बाईने आठवड्यापूर्वी आपल्याच घरात पाहिली होती. एका मोडक्या खुर्चीच्या पायापासून नवरा ती घासत बसला होता. कोणाचं काम आहे असं तिने विचारलं होतं, तर असंच आपलं, म्हणाला होता.

चष्मेवाला खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, पुढे सरकवू का? मी काही बघितलं नाही."

तो मनापासून म्हणत होता, आणि त्याने बटण दाबलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. बाईला क्षणभर मोह झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही. पोटची पोर, पहिला दिवस, आणि एवढीशी आरी. पण याच पट्ट्यावरून दुसऱ्यांच्या पोरी रोज जात होत्या आणि त्यांनाही कोणीतरी काळजीपोटीच काही ना काही दिलेलं असायचं. त्यांना विचारलं तर हिला का नाही?

"थांबव," बाई म्हणाली. मग तिने सुपरवायझरला बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "साहेब, ही माझी मुलगी आहे. तिच्या बॅगेत काहीतरी आहे. ही बॅग मी उघडणार नाही, तुम्ही उघडा."

सुपरवायझर निवृत्तीला टेकलेला, मितभाषी गृहस्थ. त्याने बॅग टेबलावर पालथी केली, वही झटकली, डबा उघडून बघितला, बाटली हलवली. आरी काही सापडेना. रिकामी बॅग पुन्हा मशीनमधून काढली, तर पडद्यावर आरी जागच्या जागी. त्याने अस्तरावरून हात फिरवला, शिवणी चाचपल्या. ठकी गोंधळून बघत होती, आणि रांगेतले लोक जादूचे प्रयोग बघावेत तसे पुढे सरकले होते.

बाई गप्प राहिली असती तरी चाललं असतं. मशीन बिघडलंय म्हणून बॅग सुटण्याची वेळ आलीच होती. पण गप्प बसणं तिच्या जिवावर आलं.

"डावीकडे, तळाच्या पट्टीच्या आत बघा," ती म्हणाली. "टाका आतून घेतलेला असेल, बाहेरून दिसायचा नाही. तो माणूस तसाच शिवतो."

सुपरवायझरने ब्लेडने टाके उसवले. खूप उसवावे लागले. आतून घोटीव मुठीची आरी बाहेर आली, टोकाला पोरीच्या हाताला लागू नये म्हणून कातड्याची टोपी घातलेली. ठकीचा चेहरा पांढरा पडला.

"हे कशासाठी?" सुपरवायझरने तिला विचारलं. आज प्रश्न त्याने विचारला एवढाच फरक.

"मला माहीत नाही," ठकी म्हणाली. मग आईकडे न बघता पुढे म्हणाली, "पण मूठ कोणी केलीय ते मी ओळखलं."

बापाला फोन गेला. तो एप्रनला चिकटलेल्या दोऱ्यांसकट धावत आला. बायको एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला आणि मध्ये टेबलावर आरी. घडलेलं सगळं त्याला बघताक्षणी कळलं. सुपरवायझरने त्याला बसायला लावलं. माणूस भला होता, त्याने आपणहूनच वाट काढून दिली. बॅग तुम्हीच शिवलीत, तर काम करताना अवजार आत राहून गेलं असेल, होतं असं कधी कधी. फक्त 'हो' म्हणा, लिहून टाकतो.

बापाने तोंड उघडलं. त्याचे कान लाल झाले होते. त्याने बायकोकडे बघितलं. तिने डोळ्याने खुणावलं नाही, मान हलवली नाही, आणि नजर वळवलीही नाही. तिलाच ठाऊक होतं तिला काय वाटत होतं. तो 'हो' म्हणाला असता तर तिला हायसं वाटलं असतं आणि त्याचबरोबर त्याचा रागही आला असता.

"राहून नाही गेलं," बाप म्हणाला. "मी शिवलं आत."

"कशासाठी?"

"पोरीला वाटेत काही झालं तर." तो थांबला. "तिला माहीत नाही. तिला सांगितलं असतं तर तिने काढून फेकलं असतं, ती आईवर गेलीय. खरं सांगू का साहेब, तिला भीती वाटत नाही. मला वाटते. मी दुकानात बसून घड्याळाकडे बघतो आणि माझे हात चालत नाहीत."

सुपरवायझरने उसवलेलं अस्तर पुन्हा हातात घेतलं, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सगळ्या बाजूंनी शिवलंय. कोणी अंगावर आलंच असतं तर तिने ही काढायची कशी होती?"

बाप अस्तराकडे बघत राहिला. त्याने उभ्या आयुष्यात एक शिवण उघडी सोडली नव्हती. उघडी शिवण दिसली की त्याचा हात आपोआप सुईकडे जायचा, आणि इथेही तेच झालं होतं. पोरीच्या जिवाची काळजी करत त्याने कप्पा केला होता, आणि सवयीने तो चारी बाजूंनी घट्ट बंद करून टाकला होता.

"हे माझ्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला.

पहिल्यांदा चष्मेवाला हसला. मग सुपरवायझर, मग ठकी, आणि हसता हसता ठकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाई हसली नाही. ती पदराने आरीची मूठ पुसत होती, जणू ती कोणाला परत द्यायची आहे.

परत मिळणार नव्हतीच. सुपरवायझरने निकाल दिला. जी वस्तू आत आहे हे मुलीला माहीत नाही आणि जी कात्रीशिवाय काढताही येत नाही, ती तिने बाळगली असं म्हणता येत नाही. तिच्या नावाची नोंद नाही. वस्तू ठेवणाऱ्याने स्वतः कबूल केलंय, त्याच्या नावाची नोंद आणि ताकीद. आरी जप्त. बापाने सही केली. खुर्चीच्या पायाची ती मूठ त्याला प्रिय होती हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. ठकी फाटक्या अस्तराची बॅग खांद्याला लावून ताठ मानेने जिना चढून गेली.

संध्याकाळी बाईची पाळी संपली तेव्हा नवरा दारात उभा होता. खांद्यावर अवजारांची पिशवी होती.

"हे कशासाठी?" बाईने विचारलं.

"कामावरून येतोय," तो म्हणाला. "अवजार आहे. तूच म्हणाली होतीस, माझ्या पिशवीत चालतं."

बाईने छताकडे बघितलं आणि वाट बघत उभी राहिली. थोड्या वेळाने नवऱ्याचे कान लाल झाले. त्याने मुकाट्याने पिशवी खांद्यावरून उतरवली, चष्मेवाल्याकडे जमा केली आणि उद्या सोडवून न्यायची म्हणून टोकन घेतलं.

ठकी खाली आली आणि तिघं गोदामांच्या गल्लीने निघाले. रिकाम्या हातांचं काय करावं हे बापाला कळत नव्हतं. आधी त्याने ते मागे बांधले, मग खिशात घातले, शेवटी लेकीचा डबा मागून घेतला. ठकी झपाझप चालत होती, दिवसभराचं सांगत होती, आणि बापाला तिच्यामागे धाप लागत होती.

"रोज येणार का असे?" बाईने त्याला विचारलं.

"येईन. भीती आहे तोवर येईन."

"या," बाई म्हणाली. "मीही थांबत जाईन."

बसथांब्यावर ठकीने पैसे काढायला बॅगेत हात घातला, तर नाणी फाटक्या अस्तरात जाऊन बसली होती. ती खणखण वाजवत शोधत राहिली. बापाने बॅग हातात घेतली, उसवलेल्या कडा बोटांनी जुळवून बघितल्या.

"घरी गेल्यावर शिवून देतो," तो म्हणाला.

"शिवा की," बाई म्हणाली. "पण माझ्यासमोर बसून."