पान चारशे बारा

कौतिकने क्लासमधल्या कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करून एन्टर दाबलं. मॉनिटर चर्र वाजला आणि पुन्हा काळा पडला. सकाळपासून ही सोळावी वेळ. ग्राफिक पडद्याबद्दल पुस्तकात एकच ओळ होती : सविस्तर माहिती पान सहाशे सत्तरवर. त्याचं पुस्तक चारशे बारा पानांवर संपत होतं.

उरलेलं धुळ्याला, भटूकडे होतं. बी.एस्सी.ला एका बाकावर बसणाऱ्या या दोघांनी लिनक्सचं ते जाडजूड पुस्तक भागीत घेतलं आणि बायंडरकडून मधोमध कापून दोन खंड करून घेतले. दर पंधरवड्याला धुळे गाडीचे ड्रायव्हर तोतारामनाना खंडांची अदलाबदल करायचे. मग धुळ्याच्या एका संस्थेची जाहिरात आली. जागा एकच, निवड लिनक्सचं प्रात्यक्षिक बघून. दोघांनीही अर्ज केला. तेव्हापासून खंड जागचे हलले नव्हते. ‘अजून वाचतोय’ एवढीच चिठ्ठी दोन्हीकडून यायची-जायची.

प्रात्यक्षिक सोमवारी होतं आणि आज शुक्रवार.

दुपारी स्टँडवर नानांनी रिकामे हात दाखवले.

“भटूनं मशीन बंद पडेल शे. पहिलं पुस्तक मांगी ऱ्हायना.”

“मशीन बंद पडलंय म्हणून पहिला खंड मागतोय? अजून वाचतोय म्हणून सांगा.”

“पुस्तकना दोन तुकडा कर्यात,” नाना विडी शिलगावत म्हणाले, “आते तुम्हनं बी तसंच शे का?”

कौतिक नवीपेठेतल्या सायबर कॅफेकडे निघाला. इंटरनेटवर त्याचा भरवसा नव्हता. पुस्तकात चूक असली तरी तिच्यावर बोट ठेवता येतं. इथे कोण कुठून बोलतो ते कळत नाही. तरी मंगळवारी त्याने लिनक्सवाल्यांच्या एका मेलिंग लिस्टवर प्रश्न टाकला होता. नाव, गाव काही न देता.

मोडेम किंचाळला. पान ओळीओळीने उतरू लागलं. तो गुडघा हलवत राहिला.

उत्तर आलं होतं. पान सहाशे सत्तर ते सहाशे त्र्याहत्तर, कुणीतरी शब्दन् शब्द टाइप केलेली. मॉनिटरच्या वारंवारितांचं कोष्टकसुद्धा रेघा जुळवून आखलेलं. खाली दोनच शब्द : भटू, धुळे.

तो भराभर उतरवून घेऊ लागला. शेवटच्या ओळीशी पेन थांबलं. तिथे क्लासच्या मशीनमधल्या ग्राफिक कार्डाचं नाव होतं. त्याने प्रश्न पुन्हा उघडला, दोनदा वाचला. त्यात कार्डाचं नाव त्याने लिहिलंच नव्हतं. ते कार्ड दिवाळीत दोघांनी मिळून बसवलं होतं.

नानांची सहाची धुळे गाडी फलाटाला लागली होती. कौतिकने पिशवीतून पहिला खंड काढला आणि केबिनच्या खिडकीतून आत दिला.

“चिठ्ठी?”

त्याने खिसा चाचपला. कागद होते, पण त्यांच्या दोन्ही बाजू उतरवून घेतलेल्या पानांनी भरल्या होत्या.

“चिठ्ठी नाही, नाना. पण आजच पोचू द्या.”

गाडी एरंडोलच्या रस्त्याला लागली. क्लास बंद व्हायला अर्धा तास उरला होता. कौतिक धावत सुटला.