आंब्याच्या खोलीतला धूर

तापी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आलीच नाही. सासरी, खापर गावी, तिची सासू तापाने अंथरुणाला खिळली होती. कापसाच्या सौद्यासाठी इकडे रनाळ्याला आलेल्या भंवरलाल शेटजींनी निरोप आणला, की पोर वैशाखाच्या अमावास्येला येईल आणि तिच्यासाठी बांधावरचे आंबे ठेवायला सांगितलंय.

तापीच्या आईने, कौसाबाईने, मागच्या खोलीत आंबे लावले. देठ खाली, एकाला दुसऱ्याचा स्पर्श नाही. कैऱ्या हिरव्या, टणक होत्या. बांधावरचं झाड उशिराचं, महिनाभर तरी टिकणार अशी तिची खात्री होती.

आठवडा गेला नाही तोच आंबे पिवळे पडायला लागले.

तिला आधी नवऱ्याचा संशय आला. "तुम्ही अंगठानी दाबी पाहतस का आंबा?"

"मी कसाले दाबू? माले दात शेतस, दाबाले नही, खावाले," चुडामण हसत म्हणाला.

मग तिने खालचा पेंढा काढला, कारण पेंढ्यात ऊब धरते. वाळू पसरली. खिडकीला ओलं गोणपाट लावलं, दिवसातून दोनदा ते भिजवलं. तरी रोज सकाळी चार-दोन आंबे पिकलेले, आणि एकाच्या बुडाला काळा डाग. पिकलेले ती लगोलग बाजूला काढी. घरचे मजेत रस ओरपत होते. ती मात्र हिरवे किती उरले ते मोजत होती.

एका संध्याकाळी ती शेतातून लवकर परतली, तर मागच्या खोलीच्या दाराखालून धूर येत होता. तिने दार ढकललं. आत सासू भिकुबाई, हातात धुपाटणं, राळेचा दाट धूर आंब्यांवरून फिरवत होती.

"आत्याबाई! हाई काय करी ऱ्हायनात?"

"दिखस नही का? आंबा घरमा शे, नि नजर लावाले गाव बसेल शे. तापी येवालोंग टिकाले पाहिजे ना. मी रोज धूप देस, नि दार लाई लेस, देवना वास आतमाच ऱ्हावाले पाहिजे."

कौसाबाईने आधी दार सताड उघडं केलं. रोज! तेही दार लावून!

"आत्याबाई, नंदुरबारले केळावाला केळी पिकाडाले काय करतस? कोठडी बंद करतस नि धूरच देतस ना?"

"ती गोवरीनी धुरी. हाई देवनी शे. देवले काय केळी पिकाडाना धंदा शे?"

"धूर तो धूरच शे, आत्याबाई."

"तुन्हा आंबा पिकना, तर देववर आळ? माले शिकाडस?"

आवाज ऐकून चुडामण आला. दोघींकडे पाहून म्हणाला, "माले मधमा लेऊ नका," आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. त्याची पाठ पाहून कौसाबाईला सासूपेक्षा त्याचाच राग जास्त आला. मोटेचा दोर तरी शहाणा, ओढला की हलतो.

दुसऱ्या दिवशी उरलेले हिरवे आंबे तिने टोपलीत भरले आणि शेतातल्या विहिरीत पाण्याच्या वर हातभर अंतरावर सोडले. तिथे गार होतं. तिथे धूर कोंडून ठेवायला कोठडी नव्हती आणि दारही. भिकुबाई मात्र रोज संध्याकाळी विहिरीच्या काठावर धूप द्यायला जाऊ लागली. कौसाबाईने अडवलं नाही. धूर वर जात होता.

अमावास्येला तापी आली. टोपली वर काढली. ओलीने निम्म्या आंब्यांचे देठ काळे पडले होते. काही सुरकुतले होते. पंधरवडाभर धुराने जे सुरू केलं होतं ते विहिरीला पुरतं थांबवता आलं नव्हतं. चांगले म्हणावेत असे थोडेच. तापीने त्यातला एक सोलला, कोय चोखली, डोळे मिटले.

"माय, गोड शे वं!"

"मन्ही धूपनी पुण्याई," भिकुबाई पदर सावरत म्हणाली. "नहीतर हाई बी नही ऱ्हातं."

कौसाबाईने काळे पडलेले आंबे टोपलीतून एकेक बाहेर काढले आणि सासूसमोर ओळीने मांडले.

"आत्याबाई, ह्या बी तुमन्याच पुण्याईना. ल्या, गोड करी खा."

तापी चोखता चोखता थांबली. भिकुबाईने त्यातला एक उचलला, काळा भाग नखाने काढला, आणि उरलेलं खाऊ लागली.