आतून बघायची काच

मला बघायला लोक येतात, तर मी त्यांना का बघू नये? माझा प्रश्न एवढाच होता, आणि आमच्या घरात त्याला आगाऊपणा म्हणायचे. मुलीनं मान खाली घालून बसायचं, नाव-शिक्षण सांगायचं आणि उठायचं. माझ्या थोरल्या बहिणीला, प्रभावतीला, बघण्याच्या दिवशी नवऱ्याचे नुसते पाय दिसले. पायांवरून माणूस कळतो होय? वर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बजावून ठेवलं होतं की पाहुणे उठायच्या आत हो की नाही सांगून टाकायचं, मागाहून कुरकुर चालणार नाही. जन्माचा निकाल, तोही चहा निवायच्या आत!

ही ब्याऐंशी सालची गोष्ट. दादा कंपनीत फिटर. निगडीला प्राधिकरणात आम्ही नवीनच राहायला आलो होतो, तळमजल्यावर. बाहेरच्या खोलीची खिडकी नेमकी बसस्टॉपवर उघडायची. बसची वाट बघणाऱ्याला दुसरा उद्योग काय? आज आमच्याकडे कोणती भाजी आहे, हे अख्ख्या स्टॉपला ठाऊक. दादा चिडून पडदा ओढायचे आणि आईचा जीव कोंडायचा. तिला रस्ता बघितल्याशिवाय भाकरी गोड लागत नसे. पडद्यावरून दोघांची रोज जुंपायची.

मी शिवणाच्या क्लासला चिंचवडला जायची. तिथं स्टेशनजवळ भिवा नावाचा माणूस मोटारींची सीट कव्हरं शिवायचा. त्यानं मुंबईहून काचेवर चिकटवायचे कागद आणलेत हे मला कळलं, आणि एका गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, मी दादांना ओढतच त्याच्याकडे नेलं. भिवानं तीन तऱ्हा दाखवल्या. दुधी कागदातून बाहेरचं आत दिसत नव्हतं आणि आतलं बाहेरही नाही, म्हणजे भिंतच. काळा लावला असता तर भर दुपारी दिवा लावावा लागला असता. तिसरा चंदेरी. भिवानं तो दुकानाच्या काचेला लावला, दादांना बाहेर उन्हात उभं केलं आणि मी आत थांबले. दादांना काचेत स्वतःचंच तोंड दिसलं. कुणी बघत नाही असं वाटून ते चक्क मिशीतला पांढरा केस उपटायला लागले. मला इकडून सगळं लख्ख दिसत होतं. माझी हसून पुरेवाट झाली.

मी म्हटलं, हाच घ्यायचा. दादांना वाटलं, पोरीला आईची केवढी काळजी. माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. पुढच्याच गुरुवारी, सकाळी अकराला, मला बघायला भोसरीचा एक मुलगा येणार होता. ज्ञानदेव त्याचं नाव, कंपनीत टर्नर. तो बसमधून उतरणार आमच्याच खिडकीसमोर. त्यानं मला बघायच्या आधी मी त्याला पोटभर बघून घेणार होते.

साबणाचं पाणी मारून आम्ही कागद चिकटवला. भर दुपारी आईला स्टॉपवर उभं केलं आणि मी आतून तिला जीभ काढून दाखवली. तिला काही म्हणजे काही दिसलं नाही. मी आनंदानं घरभर नाचले.

गुरुवार उजाडला आणि सकाळीच निरोप आला की मुलाला ओव्हरटाइम लागलाय, संध्याकाळी येतो. आला तेव्हा दिवेलागण झाली होती. आईनं बाहेरच्या खोलीतला दिवा लावला आणि ती पोह्यांकडे गेली. दादा पाहुण्यांना आणायला मोठ्या स्टँडवर गेलेले. मी खिडकीशी. अर्धी वेणी घातलेली, दातात पिन.

बसमधून दोघं उतरले. एक म्हातारा, हातात पत्त्याची चिठ्ठी, आणि त्याच्याबरोबर तो. पण नीट दिसेना. काचेत मलाच माझं तोंड दिसायला लागलं. मला वाटलं काच मळलीय. पदरानं पुसली, मग दोन्ही हातांचा आडोसा करून नाकच टेकवलं. आता दिसला. उंच, सावळा, कडक इस्त्रीचा शर्ट. तो सरळ माझ्याकडेच बघत होता. मी मनात म्हटलं, बघ बघ, आरसा समजून बघ, आता कंगवा काढशील. डोळे वटारून मी वाट बघत राहिले.

त्यानं कंगवा काढला नाही. एकदम मान खाली घातली. मग जवळ आला, एका बोटानं काचेवर टकटक केलं, माझ्या डोक्यावरच्या दिव्याकडे बोट दाखवून बटण दाबल्याची खूण केली आणि पाठ फिरवून खिडकीला अगदी चिकटून उभा राहिला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंधारात आतला दिवा लागला की सगळं उलटं होतं, हे भर उन्हात काच पारखणाऱ्या आम्हा शहाण्यांना सुचलंच नव्हतं. मी धावत जाऊन बटण दाबलं. खोली अंधारली आणि रस्त्यावरच्या दिव्यात बाहेरचं लख्ख दिसलं. स्टॉपवरची सात-आठ माणसं माना लांब करून आमच्या खिडकीकडे बघत होती, आणि मधे त्याची रुंद पाठ, जागची न हलणारी. तो म्हाताऱ्याला हळूच काहीतरी सांगत होता.

दादा परतले, जयभीम झाला, पोहे झाले. म्हातारा म्हणजे त्याचा चुलता, साहेबराव. त्यांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मी कस्तुरा, मॅट्रिक पास, असं खालमानेनं सांगितलं. मग पुतण्याला म्हणाले, तूही विचार काहीतरी. तो नको म्हणाला. मला राहवेना. मी मान वर केली. आई खाकरली, तरी केली.

"तुम्ही पाठ का फिरवलीत?"

दादांना काहीच उमगेना. ज्ञानदेवचे कान लाल झाले.

"आम्ही आत येऊन बसल्यावर तुम्ही समोर यायचं, असं ठरलं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक नसताना बघणं बरं नव्हे."

मला तेवढं पुरे होतं. आत बोलावून विचारायची वाट न बघता तिथंच सांगून टाकलं, "दादा, माझा होकार आहे."

दादा बशी हातात धरून बसले. साहेबराव मात्र मोठ्यानं हसायला लागले.

"पोरी, हा तर मघाशी स्टॉपवरच म्हणाला, काका, चिठ्ठी ठेवा खिशात, घर हेच, आणि आता दुसरीकडे मुलगी बघायला जायचं नाही."

म्हणजे नाक चपटं, दातात पिन, डोळे वटारलेले, असलं ध्यान बघून! मी मुकाट्यानं चहा परत टाकायला आत गेले, आणि हसू काही केल्या आवरेना.