साता समुद्रांपलीकडचा मानकरी

मी एक चित्रांचं पुस्तक बोलतोय. जन्मानं अमेरिकन, तेव्हा थोड्या ताठ्यानं बोलणारच. आता माझं मागचं पान राहिलेलं नाही, मधल्या पानांवर काजूच्या बोंडाचे डाग आहेत आणि कडा वाळवीनं चाखून पाहिल्या आहेत. ताठा मात्र अजून शाबूत आहे.

माझा जन्म एकोणीसशे अडतीस सालचा. एका अवाढव्य छापखान्यात माझी लाखभर भावंडं एका दमात जन्माला आली. कागद अगदी हलका, आणि रंग रेषेबाहेर सांडलेले. माझ्या पोटात एक वीर आहे. तो आकाशात उडतो, मुठीतून वीज सोडतो आणि पाठीला तांबडं कापड बांधतो. ते कापड कशासाठी, हे माझ्या एकाही पानात सांगितलेलं नाही. लंगोट तो विजारीवरून घालतो. असा माणूस आपल्या गावात दिसला असता तर लोकांनी त्याला आधी भगताकडे नेलं असतं. पण छापून आला की त्याला वीर म्हणतात.

पहिल्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय की या वीराचे सर्व हक्क कंपनीनं राखून ठेवले आहेत. ज्यानं त्याला काढला त्या चित्रकाराला पगार मिळाला आणि वीर कंपनीला मिळाला. यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. मी कंपनीचंच अपत्य होतो ना.

मालवणच्या मुलखात मी आलो तो हजामतीच्या साबणाभोवती गुंडाळून. बोटीवर कोळसा ओढणाऱ्या शिवानं माझ्या कंपनीच्या गावच्या बंदरात मला उचललं आणि रजेवर येताना बहिणीच्या घरी आणलं. घर धामापूरच्या तळ्यापलीकडच्या एका वाडीत. बहिणीचं नाव मथुरा, तिच्या नवऱ्याचं लवू. साबण लवूनं शिंक्यात ठेवला आणि मला घेऊन पडवीत बसला. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण पाठ्यपुस्तक वाचावं तसा तो मला बोट लावून बघत होता.

लवू पावसात शेती करायचा आणि दिवाळी झाली की भाईंच्या दशावतारी कंपनीत जायचा. गावोगावच्या जत्रांत देवळाच्या मंडपात एक बाकडं टाकायचं, तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. लिहिलेलं नाटक नाही. कथा तेवढी ठरवायची आणि संवाद तिथल्या तिथे बोलायचे. या सगळ्यात लवूचं काम होतं मरण्याचं. पहिल्या लढाईत पडायचं, आत जाऊन दुसरा मुकुट घालायचा, बाहेर येऊन पुन्हा पडायचं. गावोगाव लोक त्याला 'भाईंचो मरणारो' म्हणून ओळखत. नाव विचारायची तसदी कोणी घेत नसे.

मला घेऊन तो भाईंकडे गेला.

"भाई, माका ह्यो करूचो आसा."

भाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. "ह्यो देव काय दैत्य? आधी ता सांग. रंग कसलो लावूचो तोंडाक?"

"माका वाटता, माणूसच असात."

"माणूस उडता खंय रे? देवांच्या राजाचो हरवलेलो झिल करूया तेका. नाव विजसेन. बापाक सोधूक पृथ्वीर इलो."

अशा रीतीनं माझ्या अमेरिकन वीराला बाप मिळाला, जात मिळाली, डोक्यावर मुकुट आला आणि लंगोट विजारीच्या आत गेला. राहिलं काय, तर पाठीवरचं तांबडं कापड. त्यासाठी मथुराचं लुगडं निघालं.

"माझ्या लग्नातला लुगडा ता," ती म्हणाली. "फाटला तर बगा, तुमची विजार उसवून माका चोळी शिवतलंय."

पहिल्याच जत्रेत लवू बाकड्यावर चढला, लुगडं झटकलं आणि पखवाजवाल्याच्या डोक्यावरून उडी मारून थेट लोकांच्या पुढ्यात उतरला. पखवाजवाला घाबरून वाजवायचा थांबला. लोक उभे राहिले. पुढच्या हंगामात सुपारी द्यायला येणारा माणूस आधी विचारू लागला, "विजसेन असात मा?" मरणाऱ्याला नाव मिळालं. विजसेन लवू. देवळात मथुराला बायका सरकून पुढची जागा देऊ लागल्या. लवूला पाहून मला मनापासून आनंद होई. चौदा वर्षं मरत आलेल्या माणसाला जगताना पाहणं सुखाचं असतं.

पण गावात कोणाचं बरं चाललंय हे शिकलेल्या माणसाला फार काळ पाहवत नाही. गुरुदास आमच्याच वाडीतला. तालुक्याच्या कचेरीत कारकून. जत्रेच्या रजेवर आला, लवूच्या पडवीत चहा प्यायला आणि हाताला लागलो म्हणून मला वाचू लागला. चित्रं त्यानं पाहिलीच नाहीत. थेट मुंगीएवढ्या अक्षरांत शिरला.

"लवू, तू गुन्हा करतो आहेस," तो म्हणाला. कचेरीची मराठी तो गावातही सोडत नसे.

"कसलो गुन्हो?"

"ह्या वीराचे हक्क राखीव आहेत. तू परक्याचा हक्क वापरतो आहेस."

दुसऱ्या कुठल्या गावात हे कोणी मनावर घेतलं नसतं. पण या मुलखात हक्क म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पालखीचा पुढचा दांडा कोणाच्या खांद्यावर, पहिला नारळ कोणाचा, होळीला आधी हात कोणी लावायचा, यावर अख्खं गाव उभं आहे. होळीच्या मानावरून तर दोन सख्खे चुलतभाऊ एका अंगणात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. तेव्हा गुरुदास बोलला मात्र, सगळ्यांना एकदम कळलं: कोणा मानकऱ्याचा मान आपल्या देवळात परभारे घेतला जातोय! तो मानकरी साता समुद्रांपलीकडे का असेना.

देवळात बैठक बसली. गावचे पहिले मानकरी, म्हातारे गावकर हरिश्चंद्र म्हणाले, "मुंबयच्या मानकऱ्यांचो नारळ आमी राखान ठेवतंव मा? तसोच ह्या कंपनीचो ठेवूया. इले की देवया."

सगळ्यांना पटलं. दर जत्रेला माझ्या कंपनीच्या नावानं एक नारळ बाजूला पडू लागला. तो सांभाळायला गुरुदासच्या घरी जाई आणि तिथे त्याचं जे व्हायचं ते होई. गुरुदासला मात्र तेवढ्यानं समाधान नव्हतं. मान ठेवलात, पण परवानगी कुठेय? त्यानं कंपनीला इंग्रजीत पत्र धाडलं. उत्तर आलं नाही. तेव्हा ठरलं, देवाला कौल लावायचा.

कौल म्हणजे पाषाणाला ओली पाकळी चिकटवायची. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. देवाला काय विचारायचं ते गाऱ्हाण्यात आधी सांगतात. हे गाऱ्हाणं गुरुदासनं रचलं आणि हरिश्चंद्रांनी हात जोडून घातलं. पुरावा म्हणून मला देवासमोर ठेवलं होतं.

"बा देवा म्हाराजा! ह्यो जो लवू, परमुलखातल्या धन्याचो मान तेका न विचारता घेता, ता तुका मान्य आसा काय म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. आपण कशाला होय म्हणतो आहोत हे ऐकायची रीत नाही. लवूही ओरडला.

असं विचारल्यावर कुठला देव उजवा देईल? पाकळी डावी पडली.

"कदी सुटतलो ह्यो हक्क?" लवूनं विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

गुरुदासनं वकिलांना विचारून ठेवलं होतं. "त्यांच्या देशात छापल्यापासून अठ्ठावीस वर्षं. त्या मुदतीत कंपनीनं पुन्हा नोंद केली नाही, तर वीर सार्वजनिक होतो."

"म्हणजे कोणाचो?"

"सगळ्यांचा."

"म्हणजे आमच्या तळ्यासारखो," हरिश्चंद्र म्हणाले. "पाणी सगळ्यांचा, गाळ काडूक कोण नाय."

हिशेब झाला. सहासष्ट साल सरायला हवं होतं. तेव्हा चालू होतं पंचावन्न. लवूनं देवासमोर तळहात पालथा टेकला आणि शपथ घेतली, "हक्क सुटासर तांबडा पाठीक लावचंय नाय." एका परदेशी कंपनीचा कागदी हक्क त्यानं ग्रामदेवतेच्या पदरी बांधला. कायदा मोडला तर वकील मिळतो. देवाच्या शपथेला वकील नसतो.

लुगडं धुऊन घडी करून पेटीत गेलं, मी त्याच्या खाली. लवू पुन्हा लढाईत पडू लागला.

तोवर विजसेनाची कीर्ती पसरली होती. दोडामार्गाकडच्या एका दशावतारी कंपनीनं त्याला उचलला. त्यांना ना कौल होता ना गुरुदास. त्यांच्या विजसेनाच्या पाठीला गोव्याहून आणलेला रेशमी शेला, आणि तो दोन बाकड्यांवरून उडी मारी. भाईंच्या सुपाऱ्या कमी झाल्या. गावकऱ्यांनी शपथेबद्दल लवूचं फार कौतुक केलं, आणि नाटक बघायला दोडामार्गवाल्यांकडे गेले.

मथुरा चुलीपुढे बसून बोलायची. "साऱ्या मुलखाक उडाक मेळता, आणि तुमी एकटेच कायद्याचे! ती परमुलखातली कंपनी तुमका वळाकता तरी काय?"

लवू विळ्याला धार लावत बसे. एकदा मात्र तिला म्हणाला, "मी सोडलंय नाय गो. थांबलंय."

एकसष्टच्या सुमारास शिवा त्या बंदरात पुन्हा जाऊन, माझ्या कंपनीचा पत्ता हुडकून आला आणि पडवीत हसत हसत सांगू लागला, "भावोजी, ती कंपनी कदीच मेली. थंय आता चपलांचा दुकान आसा. मी विचारलंय तर माका वहाणा दाखवल्यानी."

मी पेटीत होतो. माझे आईबाप गेले हे मला असं चपलांच्या गप्पांत कळलं. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. राखण करणारं कोणी उरलं नव्हतं आणि राखण चालूच होती. लवू धावत गुरुदासकडे गेला. गुरुदास म्हणाला, "मालक मेला म्हणून हक्क मरत नाही. शिवाय देवासमोर साल ठरलं आहे." परत येऊन लवूनं पेटी उघडली, लुगड्यावरून हात फिरवला आणि पुन्हा झाकली. त्याच सालच्या भातकापणीत भारा घेऊन बांधावरून घसरला आणि त्याचा उजवा गुडघा कायमचा गेला.

सदुसष्टच्या जत्रेला पुन्हा कौल लागला. पाकळी क्षणात उजवी पडली. देवालाही कंटाळा आला असावा. कंपनीनं नोंद केलीच नव्हती. करणार कोण? माझा वीर रीतसर मोकळा झाला. ज्याच्यासाठी मोकळा झाला तो पन्नाशी ओलांडलेला, कठडा धरून पायरी चढणारा.

मथुरानं स्वतः लुगडं त्याच्या पाठीला बांधलं. घडीवर विरलं होतं, तिथे तिनं आतून ठिगळ लावलं होतं. मग मला काखेत मारून ती पुढे जाऊन बसली. लवू मंडपात आला आणि तरण्या पोरांनी कालवा केला.

"ह्यो दोडामार्गचो विजसेन! भाईंनी चोरल्यानी!"

"रेशमाचो शेलो खंय? म्हाताऱ्याक बसवा रे!"

पुढच्या बैठकीवर, मानाच्या जागी, निवृत्त झालेला गुरुदास होता. त्यानं वाकून भाईंना गंभीरपणे विचारलं, "दोडामार्गवाल्यांची परवानगी घेतलीत ना?"

मला कागद असल्याचं दुःख त्या दिवशी जितकं झालं तितकं कधी झालं नाही. हात असते तर काय केलं असतं ते इथे सांगत नाही.

लवू बाकड्यावर चढला. लोक उडीची वाट पाहू लागले. त्यानं खाली पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवला. हसू फुटायला लागलं होतं. मग तो बाकड्यावर बसला, एक पाय खाली सोडला, दुसरा सोडला, पखवाजवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि लंगडत लोकांच्या पुढ्यात आला. कोणी लिहून दिलं नव्हतं, तिथल्या तिथे बोलला.

"मंडळींनू, मी उडान येतलो होतंय. वाटेर माझीच माणसा आडवी इली. म्हणाली, थांब. थांबलंय. आता पंख गेले, म्हणान चलत इलंय. उशीर झालो. पण इलंय."

हसू थांबलं. पखवाजवाल्यानं हळूच एक थाप मारली, लवूनं एक पाऊल टाकलं. पुन्हा थाप, पुन्हा पाऊल. पुढच्या जागेवर मथुरा पदरात तोंड लपवून रडत होती, आणि तिच्या शेजारच्या बायकाही. गुरुदास दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता. आपल्यामुळेच हा प्रसंग घडला, असा भाव त्याच्या तोंडावर होता, आणि खोटं कशाला बोला, ते खरंच होतं.

आता मी भाईंच्या पेटाऱ्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. मुकुट काढताना प्रत्येक जण मला बघतो. परवा बातमी आली, दोडामार्गच्या विजसेनानं उडी सोडली. तोही आता पखवाजवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत येतो आणि उशीर झालो म्हणतो. तिथलेही लोक रडतात.

गुरुदास तातडीनं आला. "लवू, ही तर उघड चोरी आहे! हे चालणं तुझं. हक्क तुझा. मी अर्ज लिहितो, तू फक्त अंगठा दे."

लवू गुडघ्याला तेल चोळत होता. "तो खंयच्या पायान लंगडता?"

"डाव्या, असं ऐकलं."

"मगे चुकता," लवू म्हणाला. "बाकड्यावरसून उतरल्यार भार उजव्यार येता. तेका माझ्याकडे धाडा. दाखवतंय."

बाहेर भारेकरी आलेत, पेटारा उचलायचा आहे. तेव्हा वाचकहो, रजा घेतो. माझा वीर कोणालाही हवा असेल तर खुशाल घ्या. कंपनीला विचारू नका, देवाला विचारू नका, गुरुदासला तर मुळीच विचारू नका. फक्त एकदा त्या वाडीत लवूकडे जा. तो उठून चालून दाखवील.