माझ्या तोंडावरची फळी

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाची, पाठीला कुबड आलेली एक म्हातारी पेटी आहे. पूर्व जर्मनीत, एल्बे नदीकाठच्या एका नाट्यगृहात, रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला मला ठोकून बसवलं. माझ्यात बसून प्रॉम्प्टरने नटांना विसरलेली वाक्यं कुजबुजायची. माझं कुबड तो आवाज नटांकडे वळवतं, प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. मला मात्र जागचं हलता येत नाही.

तीस वर्षं वीबकेबाई माझ्यात बसल्या. टाळ्या नटांना, मानेचं दुखणं बाईंना. त्यांचं कौतुक एकच माणूस करायचा, नाटककार एकार्ट लोझे. "बाई, माझी नाटकं माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त पाठ आहेत," असं ते म्हणायचे.

त्यांच्या शेवटच्या नाटकातलं एक वाक्य सरकारातल्या वरच्या साहेबांनी लाल पेन्सिलीने खोडलं. 'खोली छान आहे. फक्त कडी बाहेरून आहे.' हे जो बोलेल त्याची नोकरी जाणार होती. एकार्टना तर नाट्यगृहात पाऊल टाकायलाच बंदी झाली. पहिल्या प्रयोगाला ते तळघरातून माझ्यात शिरले आणि बाईंशेजारी अंग चोरून बसले. माझा जीव नुसता घुसमटला.

खोडलेली जागा आली आणि नट थांबला. विसरला नव्हता तो, वाट बघत होता. बाईंनी तोंड उघडलं, तोच एकार्टनी त्यावर हात ठेवला.

"पेन्शनला दोन वर्षं राहिलीत तुमची. गप्प बसा."

आणि ते वाक्य त्यांनी स्वतःच सांगितलं. पण कुजबुजायची सवय कुठे होती त्यांना! ते बसलेही होते तिरपे, तोंड कुबडाच्या बाहेर काढून. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. सगळ्यांनी तो आवाज ओळखला.

"एवढी वर्षं बघताय, तरी जमलं नाही ना तुम्हाला?" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

एकार्टना पुढे एका कारखान्याच्या बॉयलरवर कामाला लावलं. ते पुन्हा कधी इथे आले नाहीत. पुन्हा कोणी आतून बोलू नये म्हणून साहेबांनी माझ्या तोंडावर फळी ठोकली आणि बाई पडद्याआड उभ्या राहू लागल्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी गुडघे टेकून फळीवर टकटक केली. "एकार्ट गेले गं," एवढंच म्हणाल्या.

ते साहेब आता नाहीत. लोक येतात, माझ्या कुबडावर हात फिरवतात, मला पॉलिश करतात. फळी मात्र तशीच आहे, ती शोभून दिसते म्हणे. मित्रांनो, पॉलिश राहू द्या, आधी ती फळी काढा. आत दोघांपुरती जागा आहे, मी अनुभवलंय.